पाठीमागची पेटी

जालन्यात ‘गंज’ नावाचा बँड होता असं सांगितलं की समोरचा आजही पहिलं हेच विचारतो, लग्नात वाजवायचे का? आता काय कपाळ सांगायचं त्याला. लग्नातल्या बँडला लाल कोट असतात, पुढं झांजवाला असतो, मागं डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया असतात. ‘गंज’कडं यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडं होते तीन काळे टी-शर्ट, मामा चौकातल्या टेलरकडून मुद्दाम दोन माणसांच्या मापाच्या शिवून घेतलेल्या ढगळ पँटी, खिशाला लटकवलेली कुत्र्याची साखळी, आणि असा एक आवाज की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, एमआयडीसीत कुठल्या तरी मिलचं छप्पर खाली आलं. त्या पँटी शिवायच्या आधी टेलरनं तिघांच्याही घरी निरोप धाडला होता, की पोरं मापं चुकीची सांगून राह्यलीत, एकदा येऊन बघून घ्या.

या संगीताला न्यू मेटल म्हणायचे. ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. गिटारच्या तारा इतक्या सैल सोडायच्या की सूर पार खाली, पोटात जाऊन बसला पाहिजे. गाणाऱ्यानं अर्धं गाणं भांडणात बोलतात तसं भराभर बोलायचं आणि उरलेलं अर्धं नरडं फाटेस्तोवर ओरडायचं. अमेरिकेतल्या, बापावर चिडलेल्या पोरांचं हे खूळ केबलवरून जालन्यात आलं ते दोन हजार दोनच्या आसपास. जालन्यातल्या पोरांनाही बाप होतेच आणि चिडायला कारणंही होती, त्यामुळं ते इथंही बसलं.

पोरं तीन. वरद बास गिटार वाजवायचा आणि ओरडायचाही तोच. दुसरा सोमेश्वर, गिटारवर. आणि मागं ड्रमवर संघपाल खरात, ज्याची ही गोष्ट आहे. तिघं पॉलिटेक्निकला एका वर्गात, एका बाकावर. संघपालचा बाप रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला होता, आई अंगणवाडीत. संघपालचा हात तयार झाला तो भीमजयंतीच्या मिरवणुकीत, गळ्यात ताशा अडकवून. बँडचं नाव वरदनं ठेवलं. जालन्याचं सगळं लोखंडावर चालतं आणि लोखंडाचं शेवटी काय होतं, तर गंज, असं तो म्हणायचा. वरदला असलं काहीतरी बोलायची भारी हौस होती.

त्यांच्या पराक्रमांपैकी वाटूरचा सांगितलाच पाहिजे. तिथल्या एका गणेश मंडळानं यांना ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं. गाव सतरंज्या टाकून बसलेलं, पुढं बाया, पोरंसोरं. वरदनं पहिल्याच गाण्याला डोळे पांढरे करून जो टाहो फोडला, त्यासरशी द्वारकाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई उठल्या, फोडलेला कांदा घेऊन स्टेजवर चढल्या आणि पोराला फिट आली म्हणून त्याच्या नाकाला लावायला लागल्या. वरद ओरडतोय, बाई कांदा हुंगवतायत, सोमेश्वरच्या डोळ्यांतून हसून पाणी, आणि मागं संघपाल मात्र वाजवतोय, एक ठोका इकडचा तिकडं न होऊ देता. गावानं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि पुन्हा येऊ नका असं फार मायेनं सांगितलं.

हसायला हरकत नाही. पण या पोरांची स्वतःची चार गाणी होती, मराठीतली, आणि त्यातलं ‘भट्टी’ नावाचं गाणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. संघपालचा बाप दुसरी पाळी करून घरी यायचा तेव्हा त्याच्या हातावरचे केस जळालेले असायचे. भिंतीकडं तोंड करून तो पडायचा, पण झोप म्हणून लागायची नाही. ते सगळं त्या गाण्यात होतं. शब्द वरदचे होते, ठोका संघपालचा. सोमेश्वर सांगायचा, आमच्या गाण्यात रडतो तो वरद न्हाई, ड्रम रडतो.

आणि आता ती पेटी. त्या काळात लहान स्टेजवर ड्रमवाल्याला इतरांचं काही म्हणून ऐकू यायचं नाही, आपल्याच दणदणाटात तो बुडून जायचा. संघपालनं त्यावर आपला एक उपाय काढला होता. वरदच्या बास गिटारचा स्पीकर त्यांनी घरीच केला होता, प्लायवूडची छातीएवढी पेटी आणि तिच्यात अठरा इंची स्पीकर. ती पेटी संघपाल आपल्या स्टुलाच्या मागं चिकटवून ठेवायचा आणि तक्क्याला टेकावं तसा तिला पाठ लावून बसायचा. वरदनं तार ओढली की ती संघपालच्या मणक्यातून वर चढायची. कोणी विचारलं, तर म्हणायचा, माझी पाठच ऐकती. शिकलेला ड्रमर असं करत नाही, त्याला कुणीतरी चांगलं शिकवलेलं असतं. याला शिकवलं होतं गर्दीनं.

मंग व्हायचं तेच झालं. वरदला पुण्यात कंपनीत नोकरी लागली. सोमेश्वरला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, ऑफिसात. केस कापले गेले, ढगळ पँटी आयांनी पायपुसण्याला घेतल्या. तिकडं अमेरिकेतही ते खूळ ओसरलं. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं तेच लोक त्याला हसायला लागले. ड्रम आणि पेटी संघपालकडं राहिली, कारण जालन्यात राहिला तो एकटाच.

त्यानं ‘सम्यक साउंड’ काढलं. जयंत्या, वराती, गणपती, पुढाऱ्यांचे वाढदिवस. ट्रकवर स्पीकरची भिंत रचायची आणि तिच्यासमोर उभं राहून आवाज सांभाळायचा. वर्षानुवर्षं तो त्या भिंतीसमोर उभा राहिला. कानात कापूस घाला असं ज्योत्स्ना, त्याची बायको, सांगायची. कापूस घातला तर ऐकू काय येणार, असं तो म्हणायचा आणि हसायचा. पहिल्यांदा गेली कुकरची शिट्टी. मंग फोनची रिंग. मंग पोरीचा आवाज, तिचा बारीक होता म्हणून. संभाजीनगरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की नस मेली, आता मशीन लावा, पण त्यानं फार काही होणार नाही. मशीन लावलं तर कानात नुसता पत्रा वाजायचा. काढून कपाटात ठेवलं.

साउंड विकलं आणि मंडपाच्या खुर्च्या, कनाती भाड्यानं द्यायचा धंदा धरला. भोकरदन नाक्याजवळ गोडाऊन घेतलं. फोन ज्योत्स्ना घेते. गिऱ्हाईक आलं तर हा त्याच्या ओठांकडं बघतो, आणि समजलं नाही तर मान हलवून आत निघून जातो. लोक म्हणायला लागले, खराताला लई गर्व आलाय. संघपालला ते चाललं. गर्विष्ठ म्हणा, पण बहिरा म्हणू नका. सोमेश्वरचा फोन आला की ज्योत्स्ना सांगायची, ते बाहेर गेलेत, आणि थोड्या वेळानं संघपाल मेसेज टाकायचा. वरद, सोमेश्वर दोघांनाही वाटायचं, संघ्या कामात बुडालाय.

पण ऐकू येत नव्हतं म्हणजे संगीत गेलं होतं असं समजू नका. ‘भट्टी’ त्याच्या आत जसंच्या तसं होतं. खुर्च्या मोजताना, टेम्पो चालवताना त्याची बोटं स्टिअरिंगवर तेच वाजवत असायची. ज्योत्स्ना बघायची आणि तोंड फिरवायची. नवऱ्याच्या डोक्यात चाललेली गोष्ट आपल्याला ऐकू येत नाही याचं तिलाही वाईट वाटायचं.

आणि दोन वर्षांमागं काय झालं, तर ते खूळ परत आलं. उगीच नाही, चांगलं वाजतगाजत आलं. आजकालची पोरं ढगळ पँटी घालून राह्यलीत ते बघितलं असेल. वरदनं कपाटात सापडलेली ‘गंज’ची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन नेटवर टाकली होती, अशीच, आठवण म्हणून. ती कुठल्या तरी पोरांच्या हाती लागली. नांदेडची पोरं, नाशिकची पोरं ‘भट्टी’वर उड्या मारून रील टाकायला लागली. खाली कुणीतरी विचारलं होतं, ड्रमर कोण हाय हा, जिवंत हाय का. संघपालनं ते इतक्या वेळा वाचलं की पोरगी म्हणाली, पप्पा, स्क्रीन झिजंल.

जालन्याचीच यशश्री म्हणून एक कॉलेजची पोरगी. जुन्या मराठी मेटल बँडांचं ती पेज चालवते. तिनं तिघांना गाठलं आणि सांगितलं की अंबड रोडच्या एका लॉन्सवर कार्यक्रम करू, संध्याकाळचा, शहरात पहिल्यांदाच, आणि शेवटी ‘गंज’. वरद हो म्हणाला, सोमेश्वर हो म्हणाला. संघपालनं मेसेज वाचला आणि गोडाऊनमध्ये रचलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसला. ज्योत्स्ना शोधत आली तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

तिनं त्याला समोर घेऊन, ओठ सावकाश हलवत समजावलं, की त्या दोघांना खरं काय ते सांगा. ते काही परके नाहीत. संघपालनं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाला,

“सांगितलं तर ते मला घेतील गं. दया करून घेतील. मला ड्रमर म्हणून घेतलेलं पायजे. एकदाच. त्यानंतर कायम बसतो ना गप.”

त्याला हवं होतं ते एवढंच. त्या दोघांच्या मागं बसून एकदा बरोबर वाजवायचं, आणि ते वाजवणं त्याचं असलं पाहिजे. यात चुकीचं काय होतं मला सांगा. पेटी होती ना. पाठ तर बहिरी झाली नव्हती.

रविवारी प्रॅक्टिस ठरली, गोडाऊनमध्येच. संघपालनं आठवडाभर आधी पेटीवरची धूळ पुसली, स्पीकरचा कागद फाटला होता तो बदलून घेतला, ड्रमला नवी कातडी चढवली. ते दोघं आले. वरदनं दाढी वाढवली होती, छातीपर्यंत, त्यामुळं त्याचे ओठच दिसेनात. संघपाल मनातल्या मनात म्हणाला, वाट लागली. सोमेश्वरनं मात्र गुळगुळीत दाढी केली होती, त्याचं बोलणं वाचता येत होतं. वरद हसला की संघपाल हसायचा, वरद गप्प झाला की गप्प व्हायचा. वरद म्हणे घरी सरावाला म्हणून लॅपटॉपवर सगळ्या गाण्यांचे ड्रम बनवून बसला होता. सोमेश्वरनं ते संघपालला सांगितलं आणि तिघं त्यावर हसले, की बघ, तुझ्यावाचून याचं अडून राह्यलं होतं.

संघपाल पेटीला टेकून बसला. दोघं ओरडले, अजून तीच खोड. वरदनं तार ओढली. आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी तो सूर पाठीतून शिरला, बरगड्यांतून फिरला आणि गळ्याशी येऊन थांबला. संघपालनं डोळे मिटले आणि काड्या उचलल्या. त्या दिवशी ‘भट्टी’ तीनदा वाजलं आणि तिन्ही वेळा एक केस इकडचा तिकडं झाला नाही. वरदनं येऊन त्याच्या डोक्याचा मुका घेतला. दाढीचे केस नाकात गेले आणि संघपालला शिंक आली.

एवढ्यात एक गोष्ट झाली. चहा आला होता, आणि मागं कुठंतरी कपांचा ट्रे खाली पडला. वरद दचकला, सोमेश्वर दचकला. संघपाल काडीला टेप गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. सोमेश्वर त्याच्याकडं बघत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त. त्या दिवसापासून काहीही सांगायचं झालं की सोमेश्वर आधी समोर येऊन उभा राहायचा आणि मंग तोंड उघडायचा. संघपालच्या ते ध्यानात आलं, आणि आलं नाही असं त्यानं दाखवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी संघपाल ज्योत्स्नाला घेऊन लॉन्सवर पोचला. पेटी टेम्पोत घेतली नव्हती, कारण एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला साउंडवाल्याची पेटी असणारच. स्टेजवर चढला आणि बघतो तर स्टेज रिकामं. एक स्पीकर नाही. गिटारची वायर जमिनीवरच्या एका लहानशा डब्यात जात होती आणि त्या डब्यातून पुढं कुठंतरी दूर. आणि ड्रमच्या जागी ड्रमच नव्हते. लोखंडी नळ्यांवर रबराच्या काळ्या, वायरीनं जोडलेल्या थाळ्या बसवल्या होत्या. काडी मारली की हाताला लागायचं फक्त रबर.

यशश्रीला त्यानं विचारलं, बासची पेटी कुठाय. पोरगी गुणाची, तिनं फोनवर सगळं टाईप करून दाखवलं, गोंगाट होता म्हणून असेल. लॉन्सच्या मागच्या भिंतीला लागून दवाखाना होता. परवानगी मिळाली ती याच अटीवर, की स्टेजवर आवाज करायचा नाही. जो काही आवाज तो पुढच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून लोकांकडं जाईल, मागं काही येणार नाही. वाजवणाऱ्यांना कानात घालायला बोंडं दिली जातील, त्यात सगळं ऐकू येतं. आता सगळीकडं असंच असतं, काका.

संघपाल म्हणाला, माझी पेटी आणतो, टेम्पो हाय, जल्दी येतो. पुण्याहून आलेल्या साउंडवाल्यानं हात जोडून नाही म्हटलं. संघपालनं बोंडं कानात घालून बघितली. नुसता पत्रा.

तिथंच खरं सांगून टाकायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातंय. संघपाल त्या रबराच्या थाळ्यांमागं जाऊन बसला. पाठीमागं हात घालून बघितला, तिथं काही नव्हतं. आवाज तपासायला त्यांनी ‘भट्टी’ सुरू केलं. त्यानं डोक्यातलं गाणं लावलं आणि वाजवायला लागला, वरदच्या दाढीकडं, सोमेश्वरच्या हाताकडं बघत. मध्येच त्याला दिसलं की सोमेश्वरचा हात थांबलाय आणि आपण अजून वाजवतोय. त्यानं काड्या खाली ठेवल्या. समोर लांब, मशीनमागं बसलेल्या साउंडवाल्यानं यशश्रीला काही सांगितलं, आणि ती पोरगी स्टेजकडं बघून पटकन खाली बघायला लागली.

वरद पाठीवरची लॅपटॉपची बॅग घेऊन साउंडवाल्याकडं गेला. सोमेश्वर गेला ज्योत्स्नाकडं. ती एकटीच पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या खुर्चीपुढं उकिडवं बसून तो बराच वेळ बोलला. संघपालला त्याची पाठ दिसत होती आणि ज्योत्स्नाचा चेहरा. ती आधी नाही नाही अशी मान हलवत होती, मंग थांबली, मंग तिनं पदर तोंडाला लावला.

सोमेश्वर स्टेजवर आला. संघपालच्या समोर उभा राहिला.

“माझ्या उजव्या पायाकडं बघायचं. मी पाय आपटत जातो, तू वाजव. दुसरं काही बघू नको.”

“कधीपासून माहिती तुला?”

“काय माहिती?” सोमेश्वर म्हणाला, आणि हसला. “तुझं बराबर येऊन राह्यलंय.”

संघपालला वाटलं, याच्या पायाच पडावं. बोलला नाही, विचारलं नाही, दया दाखवली नाही, फक्त पाय दिला. याला मित्र म्हणतात. त्यानं सोमेश्वरच्या बुटाकडं बघून वाजवून पाहिलं, आणि सोमेश्वरनं अंगठा वर केला, साउंडवाल्यानंही केला. ज्योत्स्नाकडं बघून संघपाल लहान पोरासारखा हसला. ती पण हसली.

दिवस मावळताना लॉन्स भरलं. पोरं केवढी आली होती, परतूरची, अंबडची, राजूरहून मोटरसायकलवर आलेली, सगळी ढगळ पँटीत. काही तर कडेवर लेकरं घेतलेले चाळिशीतले लोकही होते, तेव्हाचे, पोटं सुटलेले, जुने काळे टी-शर्ट कसेबसे अंगात घातलेले. त्यातला एक जण ‘गंज’ स्टेजवर आल्यावर रडायलाच लागला. संघपाल बसला. वरदनं लोकांना काहीतरी सांगितलं आणि हात मागं करून संघपालकडं दाखवलं. सगळ्या लॉन्सनं हात वर केले. एवढे हात त्यानं उभ्या आयुष्यात बघितले नव्हते.

गाणी सुरू झाली. संघपालनं सोमेश्वरच्या बुटावरून नजर हलवली नाही. बूट खाली, काडी खाली. पायाखालच्या फळीतून बारीक ठोका येत होता, हा आपलाच, असं त्याला वाटलं आणि बळ आलं. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. घाम डोळ्यांत उतरला. जमून राह्यलं होतं. त्याला आई आठवली, बाप आठवला. आपण वाजवतोय, सगळे नाचतायत, आणि कुणाला काही कळलेलं नाही.

शेवटी ‘भट्टी’. अर्ध्या गाण्यात त्याला मोह झाला. आपल्या ठोक्यावर ही पोरं कशी डोलतायत ते एकदा डोळे भरून बघावं, म्हणून त्यानं बुटावरून नजर काढली आणि समोर पाहिलं. शेकडो डोकी एकदम खाली जात होती, एकदम वर येत होती. फार सुंदर दिसत होतं. मंग त्याच्या लक्षात आलं की डोकी खाली जातात तेव्हा त्याची काडी अजून वर असते.

आपण मागं पडलो असं वाटून तो घाबरला. त्यानं घाई केली, डोक्यांना गाठलं, मंग डोक्यांच्या पुढं गेला. डोकी काही त्याच्याबरोबर आली नाहीत. ती आपल्या चालीनं खाली जात होती, वर येत होती, बिलकुल एकसारखी. संघपालनं एक ठोका मुद्दाम सोडून दिला. डोकी खाली गेली. त्यानं दुसरा सोडला. डोकी गेली.

तेव्हा त्यानं दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. पायही पेडलवरून काढून फळीवर टेकवला. पोरं नाचत होती. वरद मान मागं टाकून ओरडत होता. आणि तळपायाखालच्या फळीतून तो ठोका येतच होता, ठाम, जराही न चुकता.

पहिल्या रांगेत ज्योत्स्ना उभी होती. सगळ्या लॉन्समध्ये ती एकटी नाचत नव्हती, आणि ती एकटी त्याच्या हातांकडं बघत होती. त्याचे रिकामे हात तिनं बघितले. दोघांची नजर भेटली. तिनं मान खाली घातली.

सोमेश्वर वळायला लागला. दर कडव्याच्या शेवटी तो वळून संघपालकडं बघत होता, आताही बघणार होता. त्याचा बूट अजून तसाच आपटत होता, इमानदारीनं, घामानं सगळा शर्ट भिजलेला. गुडघा दुखतो त्याचा, प्रॅक्टिसला त्यानंच सांगितलं होतं. संघपालला रडू आलं, राग आला, नेमकं काय आलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. सोमेश्वरची मान पुरती वळायच्या आत त्यानं काड्या उचलल्या आणि रबरावर हाणायला सुरुवात केली, दात विचकून, सगळा जीव लावून, जसा तो वाटूरला वाजवत होता, पॉलिटेक्निकला वाजवत होता. सोमेश्वरनं वळून त्याला वाजवताना बघितलं आणि हसला.

गाणं संपलं. हात वर झाले. वरद येऊन गळ्यात पडला. सोमेश्वर गिटार सोडून आला, संघपालचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट ओठ दिसतील असा, आणि म्हणाला,

“संघ्या, काय वाजवलंस.”

“बराबर झालं ना?”

“एकदम बराबर.”

पोरं फोटो काढायला आली. एकानं त्याच्या टी-शर्टवर सही मागितली, संघपालनं केली. यशश्री आली, तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. संघपालनं तिला वर उठवलं आणि म्हणाला, छान केलंस बेटा कार्यक्रम.

परत जाताना टेम्पोत ज्योत्स्ना बाजूला बसली होती. नाक्याच्या सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा तिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि त्याच्याकडं तोंड केलं. दिव्याच्या उजेडात तिचे ओठ दिसत होते. वरदच्या लॅपटॉपमधले ड्रम लावू का, असं सोमेश्वरनं विचारलं होतं, ती म्हणाली. तिनंच हो म्हटलं होतं.

संघपाल समोर बघत होता. मागची गाडी हॉर्न देत असणार, कारण आरशात दिवे चमकत होते. त्यानं गिअर टाकला.

“सोम्याला सांगू नको,” तो म्हणाला. “मला कळलंय म्हणून. लई मनापासून केलं त्यानं.”